चौदा अंश

विसू,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले, आणि त्यातले सोळा दिवस मी एका काचेला भीत होतो. तू काढलेल्या शेवटच्या फोटोच्या काचेला. काळ्या फडक्यात गुंडाळून, वर मेणकापड घालून ती मी दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटात, एरंडेलाच्या बाटल्यांमागे ठेवली होती. एरंडेल मागायला रोज कुणी ना कुणी येतंच. हात आत गेला की बोटांना ते फडकं लागायचं आणि बाटली न घेताच मी हात मागे घ्यायचो. हसू नकोस. तू हसणारच म्हणा. नाव भार्गव आणि निघाला भित्री भागूबाई, हे तूच आळीभर केलंस, आणि मग मी सगळ्यांचा भागू झालो तो झालो.

भुताची भीती असती तर चार लोकांत सांगता तरी आली असती. मला भीती होती ती त्या काचेवर काय उमटलं असेल याची. तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही असं काहीतरी तिच्यावर असणार, हा संशय मला त्या रात्री कातळाच्या सड्यावरून उतरतानाच आला होता.

तू कॅमेरा आणलास तेव्हाच मी म्हटलं होतं, हे आपलं काम नव्हे. बोटीवरच्या एका खलाशाकडून घेतलेली ती जुनी पेटी. तिला एक भिंग, आणि झडप दोनच परींची: एक तर उघडमीट, नाहीतर उघडी ती उघडीच. माणसाने अशा पेटीने काय करावं? घरच्या मंडळींना ओळीने बसवावं, म्हाताऱ्यांच्या हातात काठी द्यावी, पोरांना दटावून गप्प करावं. तू म्हणालास, "माणसं काय, कुणीही काढील. आपण तारे काढूया." मी दवाखान्यात औषधं कालवणारा. तू मोजणी खात्यात साखळी घेऊन सडे तुडवणारा. कॅमेरा तू लावायचा आणि औषधात काच धुवून तिच्यावरचं चित्र उमटवायचं मी, अशी वाटणी झाली. ती करताना मला विचारलं मात्र नाहीस.

सुरुवात चंद्रापासून केली. एवढा पुनवेचा चंद्र, आपण दोघं त्याच्याकडे बघून खूश, आणि काच धुतल्यावर तो साबुदाण्याएवढा निघाला. वहिनींनी काच उजेडासमोर धरून "हा डाग कसला हो?" असं विचारलं तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग गेल्या कार्तिकात ध्रुव. तुमच्या घरापुढच्या खळ्यातल्या दगडी गडग्यावर उत्तरेकडे तोंड करून पेटी ठेवली, खाली जांभ्याच्या कपच्या सारून ती पक्की केली, आणि तासभर झडप उघडी. काच धुतली तर मधोमध एक ठसठशीत ठिपका, तसूभर न हललेला, आणि आजूबाजूला केसासारख्या बारीक वाकड्या रेघा. तू मोरीत नाचलास. "बघ भागू, अढळ म्हणजे अढळ!" दोन दिवस आळीत घरोघर जाऊन ध्रुव दाखवलास. दोन म्हाताऱ्या तर त्या काचेच्या पाया पडल्या. तिसऱ्या दिवशी वहिनी खळ्यात सडा घालता घालता थांबल्या, उत्तरेला बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, शेजारच्यांचा आकाशदिवा नेमका तिथेच असतो की." कार्तिकभर तो कंदील रोज आपल्या डोळ्यांसमोर काठीवर चढत होता. पण आकाशदिवा तो आकाशदिवा, कार्तिकात तो असायचाच. आपल्या दोघांच्याही मनात आला नाही. पाया पडलेल्या म्हाताऱ्यांना तू ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

म्हणून मग मिरजोळ्याचा सडा. तिथे घर नाही, दिवा नाही, झाड नाही. नुसता उघडा कातळ आणि वर आकाश. त्यात तुला चंद्रही नको, म्हणजे अमावास्येच्या आगेमागेच जायचं. आपल्याकडे अमावास्येला शहाणा माणूस दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडत नाही. आणि मी तर शहाण्यांतला फार जुना. पहिल्या खेपेला मी चकव्याचं नाव काढलं. तू म्हणालास, "मेल्या, वीस वर्षं सडे मोजतोय. चकव्याने एकदा तरी माझी साखळी धरलीन का?" मग मी फुरशाचं काढलं. चकवा कुणी पाहिला आहे? पण फुरसं मी दवाखान्यात दर पावसाळ्यानंतर पाहतो, म्हणजे फुरशाने चावलेली माणसं पाहतो. वीतभर लांबीचं, कातळाच्याच रंगाचं विषारी जनावर. त्याला तू काय म्हणालास आठवतं? "त्याला त्याची कामं आहेत."

पहिल्या चार काचा माझ्या कंदिलाने खाल्ल्या, हे कबूल. तू पाठ फिरवलीस की मी हळूच कंदिलावरच्या घोंगडीची कड उचलायचो, पायाशी काही नाही ना बघायला. तेवढी तिरीप पुरायची. काच सगळी काळीठिक्कर. चौथ्या खेपेला तू खरोखर चिडलास. त्यानंतर नियम झाला: कंदील सड्याच्या कडेला, गडग्यापलीकडे, दुरडीखाली, वर घोंगडी. आणि वहाणा काढून बसायचं. कातळ आतून पोकळ आहे, नाल मारलेली वहाण वाजली की पेटी हलते, असं तुझं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. एकदा मी अंधारात अडखळून पेटीवर गेलो, तर त्या काचेवरच्या प्रत्येक रेघेला एकाच जागी गाठ पडली होती. सगळे तारे एकदम दचकावेत तशी. तू पितळी कोनमापक लावलास. तारे तासाला पंधरा अंश फिरतात, म्हणजे अंशाला चार मिनिटं, हे तू मला तेव्हाच शिकवलंस. मोजून म्हणालास, "भागू, आठ वाजून बारा मिनिटांनी पडलास तू." मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण तेच खरं असणार. तेव्हा मजा वाटली होती. आता वाटतं, शिकवलं नसतंस तर बरं झालं असतं.

त्याच काचांनी आपलं भांडण लावलं. खरा ध्रुव सापडला तेव्हा तोही हललेला निघाला. भिंगातून बघितलं तर नखाच्या टोकाएवढी बाकदार रेघ. मला ते अजिबात आवडलं नाही. लग्नात नवऱ्यामुलीला दाखवतात तो तारा हलतो म्हणजे काय? तू म्हणायचास, "थोडासा हलतो रे. घर सोडून जात नाही ना कुठे!" मी म्हणायचो, हलला तो हलला. तासाभराच्या काचेवर वाद मिटेना. मग मीच हट्ट धरला की दोन तासांची काच काढ आणि कंपासने दाखव तो किती फिरतो ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दोन तास तुला सड्यावर बसवणारा मी.

त्या दिवशी साडेसातला झडप उघडली. कंदील मीच नेऊन ठेवला गडग्यापलीकडे, आणि कधी नव्हे ते परत आणायला निघालो नाही. शर्मिष्ठा ध्रुवाच्या डोक्यावर यायला लागली होती. दवाने भिंग धुरकटतं म्हणून तू मधूनमधून उठून, समोर न येता, बाजूने विंझण्याचा वारा घालत होतास. एकदा असाच उठलास, आणि परतताना "स्स" केलंस. पेटीचा खट्ट असा आवाज झाला.

"काय रे?" मी विचारलं.

"काटा. बस तू."

मी बसलो. कातळावर काटा कुठून येणार, विसू? गवत सुद्धा बोटभर. मला माहीत होतं की तिथे काटा नाही. मी दवाखान्यातला माणूस, "स्स" कशाचं असतं ते मला माहीत होतं. पण तू काटा म्हणालास, आणि काटा म्हटल्यावर मला उठावं लागणार नव्हतं, कंदिलापर्यंत दोनशे पावलं एकट्याने काळोखात चालावं लागणार नव्हतं. तू पुढे बोलत राहिलास. त्या बोलण्याकडे मी मागाहून येतो, आत्ता लिहवत नाही.

साडेनऊला तू रेडियमच्या घड्याळात बघून झडप मिटलीस आणि म्हणालास, "आता आण कंदील." आणला. उजेड पडला तर तुझा पाय घोट्यापर्यंत टम्म, आणि जिथे बसला होतास तिथला कातळ रक्ताने ओला. "आत्ता चावलंन," तू म्हणालास, "पेटी उचलताना." एवढं रक्त आत्ताचं नव्हतं. तुला पाठुंगळी घेतलं, पेटी गळ्यात अडकवली आणि धावत सुटलो. त्या वाटेवर मला कशाचीच भीती वाटली नाही. भीती सगळी एका जागी गोळा झाली होती.

चार दिवस होतास. हिरड्यांतून रक्त येत होतं तरी रोज विचारायचास, "काच धुतलीस?" मी रोज म्हणायचो, उद्या. डॉक्टरांनी किती वाजता चावलं ते विचारलं तेव्हा तू साडेनऊ म्हणालास, आणि मग माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. ती मान मी अजून वर केलेली नाही. तू गेल्यावर डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? ते हात पुसत म्हणाले, "सांगता येत नाही." नाही म्हणाले असते तर मी झोपलो असतो. हो म्हणाले असते तर काय केलं असतं ते माहीत नाही. सांगता येत नाही, हे ऐकून माणसाने काय करायचं?

तुझ्या तेराव्याला पानं उठल्यावर वहिनींनी मला पडवीत गाठलं. "भावोजी, ती शेवटची काच मला बघायची आहे."

"औषधं संपलीत," मी म्हटलं. "मुंबईहून बोटीने यायचीत."

"बोट परवा येऊन गेली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. तुझ्यासारखं चिडणं त्यांना येत नाही. त्यामुळे जास्त भीती वाटते.

मला तेव्हा खरी धास्ती बसली. काच फोडून टाकावी असंही मनात आलं, तुला खोटं कशाला सांगू. हातातून पडली म्हटलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता. दोन वेळा कपाटातून काढून हातात घेतली. पण तू चार दिवस रोज विचारत होतास. माझ्या हातून तुझं एवढं एक काम व्हायचं होतं, आणि तेही मी फोडायला निघालो होतो.

काल संध्याकाळी धुतली. विहिरीचं पाणी दुपारपासून माठात गार करत ठेवलं होतं, नाहीतर आपल्या हवेत काचेवरचा मसाला सायीसारखा सुटून येतो. पतंगाचा लाल कागद दिव्याला गुंडाळला, दारं लावली, ताटलीत काच सोडली. हळूहळू रेघा यायला लागल्या. सुंदर आल्या रे, विसू. इतकी स्वच्छ काच आपली एकही झाली नव्हती. शर्मिष्ठेच्या पाचही ताऱ्यांच्या लांब लांब कमानी, आणि मध्ये ध्रुवाची ती बारीक कोयरी. आणि प्रत्येक रेघेला, एकाच जागी, गाठ.

काच वाळेपर्यंत मी तिच्याकडे पाठ करून बसलो. मग तुझा पितळी कोनमापक लावला. सुरुवातीपासून गाठीपर्यंत सोळा अंश. गाठीपासून शेवटापर्यंत चौदा. पुन्हा मोजलं. दुसऱ्या ताऱ्यावरून मोजलं. पाचही ताऱ्यांवरून मोजलं, कुठेतरी कमी भरेल म्हणून. चौदाच. अंशाला चार मिनिटं. फुरसं चावल्यावर तू छप्पन्न मिनिटं काळोखात बसून होतास, आणि मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो.

त्या रेघा गाठीनंतर पुन्हा अगदी एकसारख्या वळणाने गेल्या आहेत. पुढे कुठे कंप नाही. एवढं दुखत असताना तू पेटीला धक्का लागू दिला नाहीस. मला तुझा अभिमान वाटला आणि तुझा इतका संताप आला की दिवा विझवून मी तिथेच फरशीवर आडवा झालो. कशासाठी? ध्रुव किती हलतो ते मला दाखवण्यासाठी? हरलो असतो की मी. तोंडाने म्हटलं असतं, हो बाबा, अढळच आहे.

आज सकाळी काच घेऊन तुमच्याकडे गेलो. वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. वाऱ्याने पेटी हलली. सोपं आणि कुणालाही पटेल असं. वहिनींनी काच खिडकीशी नेली. त्यांनी आपल्या सगळ्या काचा पाहिल्या आहेत हे मी विसरलो होतो. बराच वेळ बघितलं, मग बोट ठेवलं. "इथे सगळे दचकलेत ते कशाने?"

"वहिनी," मी म्हटलं, आणि तयार केलेलं वाक्य आलंच नाही. "तिथे चावलं. पेटी उचलताना नाही. त्याच्यानंतर छप्पन्न मिनिटं तो तसाच बसला. काटा म्हणाला. मला काटा वाटला नव्हता, तरी मी कंदील आणला नाही."

त्यांच्या हातून काच पडेल असं मला वाटलं. नाही पडली. मला वाटलं होतं त्या विचारतील, का नाही आणलात. त्या प्रश्नाला मी सोळा दिवस भीत होतो. त्यांनी विचारलं, "मग एवढा वेळ काय बोलत होते?"

सांगितलं. परसातल्या फणसाला यंदा आळं करायचं राहिलं, म्हणालास. वहिनींचा खोकला गेला नाही, त्यांना आमच्या डॉक्टरांचं औषध दे, म्हणालास. खेडच्या मोजणीला पुढच्या महिन्यात जायचंय, बरोबर येतोस का, म्हणालास. वहिनी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या.

"आणि?"

"आणि म्हणाला, आज मला जरा भीती वाटतेय रे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी हसलो, वहिनी."

जन्मभर तू मला हसलास. मी तुला एकदाच हसलो, ते तेव्हा. खदखदून हसलो, सड्यावर आवाज घुमला. विसू भ्याला, उद्या आळीत सांगतो, असंही म्हटलं. तूही हसलास थोडा.

वहिनींनी काच पदराने पुसली, पुन्हा उजेडासमोर धरली. "इतक्या वर्षांत मला कधी सांगितलंनी नाही," त्या म्हणाल्या, "की भीती वाटते म्हणून." बस, एवढंच. रागावल्या नाहीत. काच त्यांनी देवाजवळ ठेवली नाही, खिडकीतच ठेवली. मी निघालो तेव्हा त्यांनी आपणहून खोकल्याचं औषध मागितलं. मी संध्याकाळी नेऊन देणार आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगवली नाही, ती तुलाच सांगतो. चावल्यानंतर, पण भीती वाटतेय म्हणालास त्याच्या आधी, तू मला विचारलं होतंस, "भागू, आज तुला भीती नाही ना वाटत?" मी म्हटलं, "छट्!" तू "शाबास" म्हणालास. ते खोटं होतं रे. दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून, दात वाजू नयेत म्हणून पंच्याचं टोक तोंडात धरून मी बसलो होतो. नेहमीसारखं रडगाणं गायलो असतो तर तू चिडला असतास, दोन शिव्या हासडल्या असत्यास, आणि म्हणाला असतास, जा मेल्या, घेऊन ये तुझा कंदील.